पांढऱ्याची शाई

आमच्या ह्यांना रंग कळतो, हे मला लग्नाच्या बैठकीतच ऐकवण्यात आलं होतं. माझे वडील मनमाडला रेल्वेत फिटर. त्यांनी सरळ विचारलं, "मुलगा करतो काय?" सासरे म्हणाले, "कंपनीत रंग बघतो." वडिलांना काही उलगडा होईना. "म्हणजे रंगारी?" "नाही हो. रंगाऱ्यानं मारलेला रंग बरोबर आहे का ते बघतो. हा पास म्हणाला तरच माल गेटाबाहेर पडतो." वडिलांना ते फार मोठं वाटलं. मला वाटलं, नुसतं बघण्याचाही पगार मिळत असेल तर वाईट काय. आणि मी जेलरोडच्या कॉलनीत नांदायला आले.

एक आधीच सांगून ठेवते. माझा आवाज मोठा आहे. माहेरचं घर रुळाला लागून, गाडी जाताना बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं, ती सवय राहिली ती राहिलीच. मी साधं "जेवायला चला" म्हटलं तरी शेजारच्यांना वाटतं जुंपली. पुढं जे सांगणार आहे त्यात काही ठिकाणी खरोखर जुंपली होती, ते तुम्हाला वेगळं ओळखू येईल.

सातपूरला लोखंडी कपाटांची एक कंपनी होती, आता नाही. तिथं पेंट शॉपमध्ये सावळीराम, म्हणजे आमचे हे. रंग दिलेला पत्र्याचा तुकडा घेऊन दारात उन्हाला जायचं, मान जरा वाकडी करायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "पास." नाहीतर म्हणायचं, "परत." नोकरीभर माणूस हे दोनच शब्द बोलला, आणि त्या दोन शब्दांवर आमचं घर उभं राहिलं. पण सवय घरी आली. भाजीवाल्याकडचे टोमॅटो परत. माझ्या भावानं दिलेली साडी परत, म्हणे काठाची शेड अंगाशी जुळत नाही. चहाचा कप हातात घेऊन म्हणायचे, "आज शेड कमी आहे." मी म्हणायचे, मग रंगवून आणा.

पण मानायचं ते मानलं पाहिजे. नजर होती. शेजारच्यांनी भिंतीला पिस्ता रंग काढला तेव्हा रस्त्यावरून जाताना हे म्हणाले, डावीकडच्या भिंतीचा डबा वेगळा आहे. रंगाऱ्यानं आधी शपथा घेतल्या, मग कबूल झाला. तेव्हापासून कॉलनीत कुणी ब्रश उचलला की पहिला प्रश्न एकच, "सावळीरामकाकांनी पास केला का?"

मग निवृत्ती आली. कंपनीही बंद पडली. माणसाला बघायला काही उरलं नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालून जाणाऱ्या गाड्या बघायचे. "तो लाल स्कूटरवाला बघ. पुढचं मडगार्ड नंतर रंगवलंय. ठोकलेली आहे." बघून सांगायचं कुणाला, तर मला. मी म्हणायचे, बरं.

आणि जे बघायला उरलं होतं त्यात माझं धुणं होतं. आमच्याकडे रविवारी विहारात वंदनेला पांढरे कपडे घालून जायचं. मी धुण्याला कधी नावं ठेवू दिली नाहीत, सासूबाईंनीसुद्धा ठेवली नाहीत. आणि हे म्हणायला लागले, "लता, शर्ट पिवळे पडलेत." मी साबण बदलला. पिवळेच. मी पाणी उकळून भिजवले. पिवळेच. "नीळ घालत नाहीस का तू?" घालत होते की. "मग जास्त घाल." जास्त घातली. "अजून." शेवटी मी वैतागून बादलीत बाटलीच उपडी करायला लागले, तेव्हा कुठं म्हणाले, "आता जरा पांढरे दिसतायत."

सगळा विहार पांढरा आणि मध्ये हे आभाळाच्या रंगाचे. आमच्या विहारातल्या सगळ्यात म्हाताऱ्या रंगूबाई. त्यांनी मला एकदा जवळ बोलावून विचारलं, "लता, ह्याचं नाव कोणत्या शाळेत घातलं गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "रंगूबाईचं वय झालंय. नजर गेली तिची."

आता प्रिंटरकडे येते. आमची तेजल शाळेत शिकवते. पोरांना चित्रं छापून द्यायला तिनं घरी प्रिंटर आणला, तो टाकीवाला. पुढं चार छोट्या खिडक्या असतात, त्यात निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई भरलेली दिसते. ह्यांनी आधी ढुंकूनही बघितलं नाही. खेळणं आहे म्हणाले. मग एक दिवस आरशासमोर बसल्यासारखे त्या खिडक्यांसमोर बसलेले दिसले.

त्याच सुमाराला विहारात बुद्ध पौर्णिमेच्या तयारीची बैठक झाली. मंडळाचा सनी, चांगला पोरगा आहे, बोलता बोलता म्हणाला की या वर्षी पंचशील ध्वजाच्या पताका प्लास्टिकच्या मागवू, तयार मिळतात, धुऊन परत वापरता येतात. हे उभे राहिले. "धुऊन कोण वापरतं? मागच्या अजून गटारीत अडकल्यात. मी कागदाच्या छापून देतो. घरी." सनी म्हणाला, "काका, घरच्या प्रिंटरवर रंग बरोबर येतील?"

हे विचारायला नको होतं त्यानं. पण विचारलं. हे म्हणाले, "नोटा छापणाऱ्या गावात राहतो आपण, आणि पाच पट्ट्या छापता येणार नाहीत? ध्वजाची पहिली पट्टी निळी. तो निळा चुकला, तर पुढच्या वर्षीपासून खुशाल प्लास्टिक लावा. मी या कॉलनीत रंगाबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही."

मी बायकांच्या रांगेत बसले होते, तिथंच कपाळाला हात लावला. कारण ह्यांनी रंगाबद्दल तोंड उघडायचं नाही म्हटल्यावर ह्यांच्याकडे बोलायला उरतंय काय? क्रिकेट बघत नाहीत, राजकारणातलं कळत नाही, जावयाला नावं ठेवावीत तर तेजलचं अजून लग्न नाही. म्हणजे माणूस स्वतःलाच पणाला लावून बसला होता.

टाकीतली शाई तेवढ्यात संपत आली. तेजल म्हणाली, "पप्पा, प्रिंटरच्या कंपनीचीच मागवते." ह्यांनी हात वर केला. "डब्यावरच्या नावानं रंग चढत नसतो. आमच्या कंपनीत नावाजलेले डबे मी परत पाठवलेत. रंग डोळ्यानं बघून घ्यायचा." आणि पिशवी घेऊन शालिमारला गेले.

तिथं ललितचं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि भिंतभर शाईच्या बाटल्या. ललित फार गोड बोलतो, तेच त्याला पुढं महागात पडलं. त्यानं सांगितलं, "काका, एक असते ओरिजिनल. दुसऱ्या असतात बाहेरच्या, त्यातही दोन जाती. एक दिसायला झकास, पण पाणी लागलं की ओघळते आणि उन्हानं उडते. दुसरी जरा मंद दिसते, पण धरून राहते. कोणती देऊ?" हे म्हणाले, "सगळ्या दे. बघून सांगतो."

मग आमच्या घराचं पेंट शॉप झालं. प्रत्येक शाईची एक पताका छापायची. मधोमध कापायची. अर्धी गॅलरीत दोरीला उन्हात, अर्धी माझ्या नळाखाली. एका शाईनं अशी धार सोडली की बेसिन रंगपंचमीचं झालं आणि माझ्या पोळपाटावर निळा ठिपका पडला तो आजतागायत आहे. एका शाईला असा वास होता की तेजल म्हणाली, पोरं वहीला नाक लावून गुंगतील. एकदा ह्यांनी दोन कंपन्यांच्या शाया कफ सिरपच्या झाकणात एकत्र केल्या आणि इंजेक्शनच्या सिरिंजनं टाकीत सोडल्या. दोघींचं आतमध्ये काय बिनसलं कोण जाणे, साय धरल्यासारखं झालं आणि प्रिंटर नुसता कण्हायला लागला. मग त्याच्या शाई सोडणाऱ्या तोंडाला कोमट पाण्याची अंघोळ. कशात, तर माझ्या हिंगाच्या वाटीत. तिथं मात्र जुंपली.

प्रिंटर दर वेळी तेजलच्या लॅपटॉपवर लिहून दाखवायचा की आत घातलेली शाई अस्सल दिसत नाही, पुढं जायचं का? हे चिडायचे. "त्याला सांग, सावळीरामनं बघितलीय."

पण निकाल एकच. पताका घेऊन दारात उन्हाला, मान वाकडी, डोळा बारीक. "परत. निळ्यात हिरवट झाक आहे." मला काही दिसायची नाही. पहिल्याच बाटलीचा निळा मला चांगला वाटला होता, आपल्या ध्वजासारखा. तेजलला पण. ललित तर म्हणाला, काका याहून निळा जगात नाही. हे म्हणाले, "तुला धंदा करायचाय, मला रंग करायचाय." पुन्हा बाटली, पुन्हा परत. एकदा मी म्हटलं, विहारातला कापडी ध्वज आणून शेजारी धरा. धरला. तर म्हणाले, "हाच उन्हानं बिघडलाय. याचाही निळा हिरवट झालाय."

इकडं गॅलरीत दोऱ्यांवर दोऱ्या. कपडे वाळत घालायला जागा नाही. खालून लोक बघायचे आणि विचारायचे, "काकू, काय कार्यक्रम?" एका सकाळी तर मागच्या गल्लीतल्या चार बायका पांढऱ्या साड्या नेसून, चपला बाहेर काढून घरात येऊन बसल्या. एवढे ध्वज लावलेत म्हणजे घरी वंदना, परित्राण पाठ असणारच, आणि आपल्याला सांगायचं राहून गेलं असणार, असा त्यांचा समज. आता त्यांना कसं सांगणार की ह्या सगळ्या नापास पताका आहेत? मी पटकन पांढरी ओढणी घेतली, तेजलला त्रिशरण म्हणायला लावलं, सगळ्यांनी म्हटलं, चहा झाला. जाताना म्हणाल्या, छान वाटलं, पुढच्या आठवड्यात पण ठेवा.

शेवटी ललितनं वैतागून गुलाबीकडे झुकणारी कुठली तरी निळी शाई दिली, आणि ह्यांनी तेजलला लॅपटॉपवर "अजून जरा, अजून जरा" करत निळ्यात गुलाबी वाढवायला लावली. पताका बाहेर आली. मी बघितली. निळा कसला, सरळसरळ वांगं. भरीत करावं असं. हे ती घेऊन उन्हात गेले, मान वाकडी केली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी ओठावर आलेले शब्द परत आत ठेवले.

"पास," म्हणाले.

तेजलनं माझ्याकडे बघितलं, मी तेजलकडे. पण ज्याचा शब्द जन्मभर शेवटचा, त्याच्यापुढं आपला डोळा कोण पुढं करणार? मला वाटलं, आपल्यालाच कळत नसेल. छापा म्हटलं. गठ्ठेच्या गठ्ठे छापले.

तरी सुख नाही. एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. हे म्हणाले, "निळा बसला. पण पांढरी पट्टी पिवळट येतेय."

तेजल म्हणाली, "पप्पा, पांढऱ्याला शाई नसते. तिथं प्रिंटर काहीच छापत नाही. तो नुसता कागद आहे."

"मग कागद पिवळा आहे." दुसरा कागद आणला. पिवळा. आणखी भारी आणला, चकचकीत. तोही पिवळा. जगातला सगळा कागद एका आठवड्यात पिवळा पडला होता. मग हे म्हणाले, "तेजल, असं कर. पांढऱ्या पट्टीत जराशी निळी सोड. तुझी आई शर्टाला नीळ देते ना, तशी. उजळेल."

माझ्या हातात मेथीची काडी होती ती हातातच राहिली. शर्ट पिवळे. ठीक आहे, शर्ट मी धुते, माझी चूक असेल. पण हा कागद तर कोरा. नुकता पाकिटातून निघालेला. ह्याला ना शाई लागली, ना माझा हात लागला. हा कसा पिवळा?

खरं सांगते, आधी मला राग आला. दोन वर्षं. दोन वर्षं मी नीळ ओतत होते आणि माझ्या धुण्यात काडीची खोट नव्हती. आणि रागाच्या मागोमाग भीती वाटली. कारण मग खोट कुठं होती, ते मला दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलं ऊन होतं. मी पौर्णिमेसाठी आणलेला नवा शर्ट पाकिटातून काढला आणि दोरीवरचा निळीत बुडवलेला जुना घेतला. दोन्ही ह्यांच्यासमोर दारात धरले, कंपनीत पत्रे धरत असतील तसे. म्हटलं, "यातला पांढरा कुठला?"

ह्यांनी मान वाकडी केली. डोळा बारीक केला. जुन्या शर्टाकडं बोट दाखवलं. "हा. नवा पिवळट आहे. दुकानदारानं फसवलं तुला."

मी आवाज चढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलले असेन. "अहो, तो निळा आहे."

हे हसले. मग तेजलकडं बघितलं. तेजल खाली बघत राहिली. तेव्हा दोन्ही शर्ट घेऊन हे गॅलरीत गेले. खालून सनी चालला होता. ह्यांनी हाक मारली, "सनी, वर बघ. यातला पांढरा कुठला?"

सनीनं शर्ट बघितले. मग ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. बिचारा घाबरला. म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल तो."

बस. त्या उत्तरानं ह्यांना सगळं कळलं. सनीनं नवा म्हटलं असतं तर भांडले असते, जुना म्हटलं असतं तर मला हरवल्यासारखे हसले असते. पण "तुम्ही म्हणाल तो" यावर बोलायला काही नव्हतं. आत येऊन खुर्चीत बसले. दोन्ही शर्ट मांडीवर ठेवून म्हणाले, "लता, मग कंपनीत शेवटी शेवटी मी जो माल पास केला तो?"

मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. म्हटलं, "लोकांनी त्या कपाटांत कपडे कोंबलेत आणि वर बॅगा रचल्यात. रंगाकडं कोण बघतंय आता?" हसले नाहीत. तेजलला म्हणाले, "त्या सगळ्या पताका रद्दीत दे. सनीला सांग, प्लास्टिक मागव. मी बोललो होतो, निळा चुकला." मग उठून गॅलरीत गेले, पण खुर्ची रस्त्याकडं पाठ करून ठेवली. त्या दिवशी खालून किती ठोकलेल्या गाड्या गेल्या असतील, एकीचंही नाव नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आमच्या तेजलच्याच वयाच्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "काका, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय. तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघताय. निळा रंग तुमच्यापर्यंत धड पोचतच नाही." म्हणजे ह्यांनी ललितच्या दुकानातल्या सगळ्या शाया परत केल्या, पण खरा परत करायचा माल डोळ्यांत घेऊन फिरत होते.

ऑपरेशनला तयार होईनात. माझ्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही म्हणाले. मी म्हटलं, लावू नका, मग मी नीळ ओतत बसते आणि तुम्ही शाळेत जात राहा. तेव्हा आले. मग बाईंनी भिंगांचे प्रकार समजावून सांगितले. हे एका कंपनीचं, हे दुसऱ्या कंपनीचं, हे बाहेरदेशातलं, हे आपल्याकडचं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फार हळू विचारलं, "ओरिजिनल नाही का मिळत?"

बाई म्हणाल्या, "ओरिजिनल तुमचंच होतं काका. तेच तर खराब झालंय."

मी शेजारीच बसले होते. ही संधी सोडणारी मी नाही. म्हटलं, "डब्यावरच्या नावानं रंग चढत नसतो, तुम्हीच म्हणता. बसवा बाई, बाहेरचंच बसवा." बाईंना काही कळलं नाही, पण हे गुमान सहीला वाकले.

उजव्या डोळ्याचं आधी करून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला, धूळ-धूर टाळा म्हणाल्या, डोळा चोळू नका म्हणाल्या. रिक्षात बसलो. उद्या पौर्णिमा आहे हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. मी मनात म्हणत होते, कॉलनीत शिरताना प्लास्टिक दिसणार, तेव्हा ह्यांना काहीतरी दुसरीकडं बघायला लावायचं. काय, ते सुचत नव्हतं.

रिक्षा वळली आणि थांबली. पुढं जाताच येईना, कारण शिडी आडवी होती आणि शिडीवर सनी होता. गल्लीच्या या टोकापासून विहारापर्यंत, या घरावरून त्या घरावर, सगळीकडं पताका. कागदाच्या. आमच्या. वांगीच वांगी.

तेजलकडं बघितलं तर ती तिथंच खाली दोरीचं बंडल धरून उभी होती. रद्दीत दिलेच नव्हते तिनं गठ्ठे.

हे रिक्षातून उतरले. चष्मा कपाळावर घेतला. मी ओरडले, बाईंनी काय सांगितलंय म्हणून, पण ऐकतोय कोण. ह्यांनी उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं बघितलं. मग डावा मिटला आणि उजव्यानं. परत उजवा. परत डावा. समोरच्या ओट्यावर त्याच त्या चार बायका बसल्या होत्या. त्यांना वाटलं सावळीरामकाका डोळे मारतायत. एकीनं तर पदर सावरला.

शेवटी हे म्हणाले, "सनी, हा निळा नाही. हा जांभळा आहे."

सनी शिडीवरूनच म्हणाला, "माहीत आहे काका."

"मग लावल्या कशाला?"

"तुम्ही छापल्या म्हणून."

हे एकदा खाकरले. मग म्हणाले, "मी शब्द दिला होता. निळा चुकला तर पुढच्या वर्षीपासून प्लास्टिक."

सनी म्हणाला, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी काका. तुमचा एक डोळा अजून बाकी आहे." रंगूबाई ओट्याच्या कोपऱ्यात काठी धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला तर सगळं एकच दिसतं बाबा. पण हालतंय छान." आणि खरंच, वारा सुटला होता आणि सगळी गल्ली फडफडत होती.

ह्यांनी पुन्हा मान वाकडी केली. जुन्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नव्या डोळ्यानं एका पताकेकडं बघत राहिले. "लता," म्हणाले, "पांढरा मात्र एक नंबर आलाय. कुठली शाई घातली?"

तेजल हसायला लागली, सनी शिडीवर हसायला लागला, रिक्षावाल्याला काही माहीत नव्हतं तोही हसला. मीही हसले. मग हसता हसता ह्यांची नजर खाली, स्वतःच्या शर्टावर गेली. दवाखान्यात जायचं म्हणून मी दोरीवरचा, धुतलेला, जो हाताला लागला तो दिला होता. कॉलर ओढून बघितली. बाही बघितली. एक डोळा मिटला, दुसरा मिटला.

"हा शर्ट घालून मी विहारात जात होतो?"

"हो."

"दोन वर्षं?"

"हो."

"आणि एवढ्या माणसांत एक रंगूबाई सोडली तर कुणी काही बोललं नाही?"

मी चष्मा त्यांच्या कपाळावरून खाली, नाकावर नीट बसवला. म्हटलं, "कोण बोलणार? तुम्ही पास केला होता."